डाव मांडण्याआधी मुलांना काय प्यायला द्यावे?

शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बुद्धिबळाचाही समावेश असतो. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत आपल्या घरातली मुले-मुलीही उतरतात. शतरंज खेळावी की नाही यावर आलिमांची मते वेगवेगळी आहेत; त्या चर्चेत आम्ही शिरत नाही. मूल शाळेतर्फे खेळायला निघालेच आहे, तर त्याच्या पोटात काय जाते एवढेच इथे पाहू.

आमची धर्मापुरी बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला. जिल्ह्याच्या ठिकाणी स्पर्धा असली की पहाटेची एसटी धरावी लागते. निघताना पोटात एक कप चहा आणि दोन बिस्किटे. स्टँडवर उतरल्यावर ‘एनर्जी’ची रंगीत बाटली, दुपारी पुन्हा चहा. चहाने डोके चालते, बाटलीने ताकद येते, असे आपण धरून चालतो. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीत, जिंकत आलेल्या डावात मुलगी वजीर फुकट देऊन बसते आणि आपण म्हणतो, नशीब! नशिबाला दोष देण्याआधी त्या कपाचा आणि बाटलीचा हिशेब करायला हवा.

पेयाची आणि पटाची दोस्ती जुनी आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या इबादतीत जाग राहावी म्हणून कहवा पीत. सोळाव्या शतकाच्या मध्यावर इस्तंबूलमध्ये कहवाखाने उघडले आणि तिथे कहव्याबरोबर शतरंजचे डाव रंगू लागले. अठराव्या शतकात पॅरिसच्या ‘कॅफे दे ला रेजाँस’ या कॉफीगृहात फिलिदोरसारखे नामवंत खेळाडू खेळत. आपल्याकडे चिकमंगळूरच्या डोंगरात बाबा बुदन यांनी येमेनहून आणलेल्या बियांची कथा सर्वांना माहीत आहे. पण सूफींनी कहवा घेतला तो जागे राहण्यासाठी. जागे राहणे वेगळे आणि चांगले खेळणे वेगळे. आपली गल्लत होते ती इथेच.

दिवसभर काम केले की मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि आपल्याला सुस्ती येते. चहा-कॉफीतले कॅफिन या ॲडेनोसिनची जागा अडवून बसते. थकवा जात नाही, फक्त जाणवेनासा होतो. पाऊण-एक तासात असर पूर्ण चढतो आणि अर्धे कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे सामन्याच्या आदल्या रात्री आठ वाजता घेतलेल्या कॉफीचा निम्मा भाग मध्यरात्रीनंतरही शरीरात असतो. त्याची किंमत झोपेने मोजावी लागते.

कॅफिनने बुद्धिबळ सुधारते का, हे जर्मनीतल्या संशोधकांनी नीट तपासून पाहिले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३९ पुरुष खेळाडू होते. त्यांना वेगवेगळ्या दिवशी कॅफिन, लक्ष एकाग्र करणारी दोन औषधे किंवा नुसती औषध नसलेली गोळी दिली गेली. कोणत्या दिवशी काय दिले, हे खेळाडूंनाही ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यांनाही. संगणकाविरुद्ध तीन हजारांहून जास्त जलद डाव खेळले गेले. सगळे डाव जमेस धरले तेव्हा कोणत्याही गोळीचा फायदा दिसला नाही. उलट कॅफिन आणि ती औषधे घेतल्यावर खेळाडू प्रत्येक डावात जास्त वेळ विचार करत राहिले आणि घड्याळातला वेळ संपून हरलेले डाव वाढले. वेळ संपलेले डाव बाजूला ठेवल्यावर औषधांचा थोडा फायदा दिसला. कॅफिनचा तसा ठोस पुरावा तेव्हाही मिळाला नाही.

हे प्रौढ खेळाडूंचे झाले. त्यांना दिलेले कॅफिन दिवसाला दोनदा २०० मिलिग्रॅम होते. मुलांवर असे प्रयोग घरी करायचे नाहीत. आणि जी औषधे डॉक्टर विशिष्ट आजारासाठी देतात, ती ‘हुशारीची गोळी’ म्हणून कुणी सुचवली तर हात जोडून नकार द्यावा. उत्तेजक द्रव्यांच्या जागतिक यादीतून कॅफिन २००४ मध्ये काढले गेले. ती औषधे मात्र स्पर्धेच्या काळात अजूनही बंद आहेत, आणि बुद्धिबळाची जागतिक संघटना हे नियम पाळते.

आता मुलांचा हिशेब. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा धरली. तीस किलोच्या मुलाला ती ९० मिलिग्रॅम होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. दोन कप चहा झाला की मर्यादा जवळ येते किंवा ओलांडली जाते. कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन चालते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत ७५ पर्यंत. सकाळचा चहा आणि वर ही बाटली, एवढ्यावर मुलाचा दिवसाचा कोटा संपतो. ही पेये मुलांसाठी नाहीत, अशी सूचना बाटलीवरच बारीक अक्षरात छापलेली असते. ती वाचायला मुलांना शिकवावे. जुलै २०२४ मध्ये, शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफिनची पेये विकण्यास बंदी आणू, असे तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितले होते. पण सरकारच्या बंदीपेक्षा घरातली बंदी लवकर लागू होते.

साखरेचेही तसेच. गोड पेयाने तरतरी येते आणि थोड्या वेळाने उतरते. नेमका तेव्हा डाव मध्यावर असतो. माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसन सामन्यात संत्र्याचा रस पीत असे. त्याने आहारतज्ज्ञांच्या सल्ल्याने तो सोडून साधे दूध आणि चॉकलेट दूध यांचे मिश्रण घ्यायला सुरुवात केली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले होते. दारूबद्दल आपल्या घरांत सांगायची गरज नाही; तरी अलेखिनने १९३५ मध्ये विश्वविजेतेपद गमावले त्याचे एक कारण दारू मानले जाते, आणि १९३७ मध्ये तिच्यापासून दूर राहून त्याने ते परत मिळवले, असे सांगतात.

मग द्यायचे काय? पहिले उत्तर पाणी. शरीरातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी घटले तरी लक्ष विचलित होऊ लागते. पस्तीस किलोच्या मुलीच्या बाबतीत ते ७०० मिलिलिटर, म्हणजे एका बाटलीएवढे. मराठवाड्याच्या उन्हात एसटीचा प्रवास करून आलेल्या मुलीचे एवढे पाणी सहज घटते. लघवीला जावे लागेल म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, हे आम्हा शिक्षकांना नेहमी दिसते. स्पर्धेच्या जागी मुलींसाठी स्वच्छतागृह कुठे आहे, हे सोबतच्या शिक्षकांनी पोहोचताच पाहून ठेवावे.

दुसरे उत्तर न्याहारी. भाकरी आणि अंडे, किंवा चपाती आणि दूध, जे घरात असेल ते. दोन फेऱ्यांच्या मध्ये मूठभर शेंगदाणे, खजूर, केळे, ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा टाळावा, कारण त्यामुळे अन्नातले लोह कमी मिळते. वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्ताची कमतरता सर्रास आढळते, आणि ॲनिमिया असलेली मुलगी लवकर थकते. पटावर बसून राहायलाही दम लागतोच.

रमजानमध्ये स्पर्धा आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पहिल्या एक-दोन रोजांना होणारी डोकेदुखी पुष्कळदा भुकेची नसते, चहा तुटल्याची असते. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत ती सुरू होते. शाबानपासूनच रोजचा चहा थोडा-थोडा कमी करत आणला तर मोठ्यांनाही रोजे सोपे जातात. सहेरीला चहापेक्षा पाणी आणि टिकणारे अन्न यांना पोटात जास्त जागा द्यावी.

ज्या मुलाला रोज सकाळी चहाची सवय आहे, त्याचा चहा नेमका सामन्याच्या दिवशी तोडू नये. नेहमीचा अर्धा कप, न्याहारीला तासभर होऊ दिल्यावर, पुरे. नवे काहीही त्या दिवशी सुरू करू नये. आदल्या रात्री पुस्तके, मोबाईल आणि चहा तिन्ही लवकर आवरून मुलांना झोपवावे.

चांगली चाल सरावातून येते, कपातून येत नाही. पण महिनोन्महिने केलेला सराव रिकाम्या पोटाने आणि कोरड्या घशाने वाया जाऊ नये, एवढे आपल्या हातात आहे. दप्तरात पट ठेवताना पाण्याची भरलेली बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरीही ठेवावी.