डिसेंबरचा बिघाड मे महिन्यातला

डिसेंबर-जानेवारीत दोंडाईच्याच्या आसपास पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो आणि धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली तापमानाची नोंद कधी कधी पाच-सहा अंशांवर येते. भाजी आणि दूध यांची ने-आण याच वेळेला सुरू होते आणि जुन्या पेट्रोल गाड्या रस्त्यात बंद पडू लागतात त्याही याच वेळेला. बाजार समितीत लाल मिरची आणणारे मोठे ट्रक डिझेलचे असतात, त्यांना कार्ब्युरेटर नसतोच. 1954 साली टाटांनी जमशेदपुरात डिझेल ट्रक बांधायला घेतले आणि पुढच्या काही वर्षांत पेट्रोलवरचे बेडफर्ड, फार्गो मागे पडत गेले. आज मालवाहतुकीत कार्ब्युरेटर उरला आहे तो मुख्यतः पहिल्या पिढ्यांच्या ओम्नी व्हॅनमध्ये आणि थोड्याफार पेट्रोल जीपमध्ये. या गाड्या थंडीत बंद पडल्या की कार्ब्युरेटर उघडायचा, जेट फुंकायचे, प्लग बदलायचे आणि पेट्रोल पंपाला दोष द्यायचा, हा ठरलेला क्रम आहे. माझे म्हणणे असे की खानदेशात या बिघाडाचे मूळ बहुतेक वेळा थंडीत नसतेच. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गाडी तगावी म्हणून तिच्यात जे बदल केले जातात, त्यांची किंमत ती डिसेंबरात चुकवते.

हे पटण्यासाठी कार्ब्युरेटरचे काम थोडे समजून घ्यावे लागेल. इंजिनात जळते ती पेट्रोलची वाफ, पातळ पेट्रोल नव्हे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते आणि कार्ब्युरेटरचे जेट याच्या आसपासच्या मिश्रणासाठी बेतलेले असतात. इंजिन थंड असले की पेट्रोलचा मोठा भाग वाफ न होता मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरकडे मिश्रण नेणाऱ्या नळीच्या, गार भिंतींवर थेंबांच्या रूपात चिकटून राहतो. कार्ब्युरेटरने दिलेले माप बरोबर असते, पण सिलिंडरपर्यंत पोचणारे मिश्रण फिके पडते. चोक ओढला की हवेची वाट अडते, खालचा व्हॅक्यूम वाढतो आणि ओढले गेलेले जादा पेट्रोल ही तूट भरून काढते. म्हणून थंड इंजिनाला दोनच गोष्टी हव्या असतात: सुरुवातीला भरपूर पेट्रोल आणि मग लवकरात लवकर ऊब. उन्हाळी दुरुस्त्या नेमक्या याच दोन गोष्टींवर घाला घालतात.

उबेचे आधी पाहू. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाचा छोटा व्हॉल्व्ह असतो. पाणी साधारण 82 ते 88 अंशांना पोचेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, त्यामुळे इंजिन झटपट तापते. हा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला तर मे महिन्यात गाडी उकळते. त्या भीतीने आपल्याकडे तो काढूनच टाकण्याची रीत पडली आहे. मग पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते, हिवाळ्याच्या पहाटे कितीही किलोमीटर चालवले तरी तापमानाचा काटा तळ सोडत नाही आणि ज्या गरम पाण्याने मॅनिफोल्ड उबदार राहायचा ते गरम होतच नाही. काही जुन्या गाड्यांच्या एअर क्लीनरला एक्झॉस्टजवळची गरम हवा ओढणारी नळी असते, उन्हाळा-हिवाळा असा खटकाही असतो. ती नळी फाटली की नवी कोणी बसवत नाही, खटका कायम उन्हाळ्यावर राहतो.

उलट बाजूने गॅरेजवाले म्हणतील की व्हॉल्व्ह काढल्यावर गाडी उकळायची थांबते, हा आमचा अनुभव आहे. अनुभव खरा आहे, पण त्यातून काढलेला अर्थ अपुरा आहे. चांगला थर्मोस्टॅट गरम पाण्यात पूर्ण उघडतो आणि मग रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याला फारशी आडकाठी करत नाही. व्हॉल्व्ह काढून उकळणे थांबले, तर एक तर तो खराब झालेला होता किंवा रेडिएटर इतका चोंदला होता की थंडाव्याची सगळी शिल्लक संपली होती. वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी भरले की रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात. खरे काम त्या नळ्या साफ करण्याचे, पंखा आणि पट्टा तपासण्याचे आहे. व्हॉल्व्हची परीक्षा तर घरच्या पातेल्यात होते: तो पाण्यात टांगून पाणी तापवायचे, उकळीच्या आधी पूर्ण उघडला तर तो ठणठणीत आहे.

दुसरा आक्षेप थंडीबद्दलच आहे. कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो हे ऐकल्यावर अनेकांना वाटते, की ही काश्मीरची गोष्ट असावी, आपल्याकडे पाणी कुठे गोठते? पण कार्ब्युरेटर स्वतःची थंडी स्वतः तयार करतो. माठाचे पाणी जसे झिरपून उडताना गार होते, तसे उडणारे पेट्रोल आजूबाजूच्या हवेची आणि धातूची उष्णता ओढून घेते. बाहेर दहा अंश असताना थ्रॉटलच्या पाकळीजवळचे तापमान शून्याखाली जाऊ शकते आणि हवेतला दमटपणा तिथे बर्फ होऊन चिकटतो. कडाक्याच्या थंडीत हवाच कोरडी असते, म्हणून बर्फाचा धोका शून्याच्या थोडे वर, दमट हवेत सर्वांत जास्त. दोंडाईच्याहून सारंगखेड्याकडे जाताना तापीकाठी पहाटे नेमकी अशीच हवा असते. दत्तजयंतीला तिथली घोड्यांची यात्रा भरते ते दिवसही हेच. या बिघाडाची खूण अगदी वेगळी आहे. गाडी सुरू नीट होते, काही किलोमीटर बरी चालते, मग रेस सोडली की धपापते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटे थांबले की इंजिनाच्या उबेने बर्फ वितळतो आणि गाडी काहीच झाले नाही अशी चालू होते. गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर उघडल्यावर आत काही सापडत नाही, तरी साफसफाईचे पैसे मात्र जातात. पुरावा वितळून गेलेला असतो.

आता पेट्रोलचे माप. मायलेज वाढावे म्हणून मिक्श्चर स्क्रू घट्ट करून मिश्रण फिके ठेवणे हा सर्रास उपाय आहे. एप्रिल-मेमध्ये ते खपते, कारण गरम हवेत पेट्रोल आपसूक उडते. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 2025 पर्यंत देशात पेट्रोलमधले मिश्रण सुमारे वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉलला जळायला फक्त नऊपट हवा लागते, म्हणून वीस टक्के मिश्रणाला हवेचे प्रमाण साडेतेराच्या आसपास हवे. जुन्या जेटमधून तेच पेट्रोल गेले तर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी आणखी फिके होते. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो, कार्ब्युरेटरला ते कळत नाही. शिवाय वाफ होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, म्हणजे गारवाही वाढतो. तेव्हा पेट्रोल बदलले आहे ही चालकांची तक्रार निराधार नाही. पण एकाच पंपावर भरलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक चालते आणि एक बंद पडते, तेव्हा फरक इंधनात नसून गाडीत असतो. मिक्श्चर स्क्रू थोडा सैल करणे हे त्यावरचे पहिले आणि बिनखर्चाचे काम. तेवढ्याने आयडलपुरते भागेल. चालत्या गाडीत धाप राहिली तर मेन जेट एक माप मोठा लागेल. अनेक जण त्याऐवजी आयडल स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवतात. गाडी बंद पडत नाही खरी, पण गरम झाल्यावर ती विनाकारण गुरगुरत पेट्रोल पिते आणि मूळ दोष झाकला जातो.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी कधी बंद पडते ते पाहावे. सुरू होताच पहिल्या मिनिटात पडत असेल तर चोकची पाकळी पूर्ण मिटते का ते बघावे. ओम्नीत सीट उचलून एकाने नॉब ओढायचा, दुसऱ्याने पाहायचे. केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली अनेकदा इथेच सापडते, कारण मार्चनंतर तिला कोणी हात लावलेला नसतो. मॅनिफोल्डचे पॅकिंग हवा घेत असेल तर तेही याच वेळी त्रास देते. काही किलोमीटरनंतर पडून पुन्हा चालू होत असेल तर ते बर्फाचे काम, थर्मोस्टॅट आणि गरम हवेची नळी बघावी. आणि इंजिन पूर्ण तापल्यावर पडत असेल तर थंडीचा संबंध नाही, कॉइल आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा तपासावा. गॅस किटच्या ओम्नीत थर्मोस्टॅटची गैरहजेरी आणखी लवकर उघडी पडते. द्रव गॅसची वाफ करणारा व्हेपोरायझर इंजिनाच्याच पाण्याने तापतो, ते पाणी गार राहिले की त्याच्यावर दहिवर गोठून पांढरा थर धरतो आणि गाडी गुदमरते. अशी गाडी पेट्रोलवर सुरू करून काटा वर आल्यावरच गॅसवर घ्यावी. काटा वर येतच नसेल, तर व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय किटवर खर्च करू नये.