जादू शहरातली, पुस्तक तालुक्याच्या वाचनालयातलं

आजचा विषय अर्बन फॅन्टसी. यात राजवाडे, ड्रॅगन लागत नाहीत. नेहमीचंच शहर, तेच ट्रॅफिक, तीच पोलीस चौकी, आणि त्यात जादू.

बेन ॲरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ घ्या, २०११ची कादंबरी. हिरो लंडनमधला साधा कॉन्स्टेबल. खुनाचा साक्षीदार भेटतो, तर तो निघतो भूत! थेम्स नदी इथे देवी आहे, चक्क माणसाच्या रूपात वावरते. आणि जादू केली की जवळच्या चालू मोबाईलची चिप खल्लास! जादूलाही नियम आहेत, किंमत आहे, म्हणूनच ती पटते.

आता हे आपल्या तालुक्याच्या वाचनालयात कसं येणार? महाराष्ट्रात १९६७च्या कायद्यानुसार मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान मिळतं. पण पैसा मोजका, आणि आपण फिरकलोच नाही तर आपल्याला काय वाचायचंय हे ग्रंथपालांना कळणार कसं?

म्हणून आधी सभासद व्हा. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव चिठ्ठीवर लिहून काउंटरवर द्या. दोन मित्रांनाही द्यायला सांगा. एका चिठ्ठीपेक्षा तीन चिठ्ठ्यांना वजन जास्त.

पुस्तक आलं की आम्हाला कळवा हं. भेटूया पुढच्या भागात!