पेशीतला चिटबॉय

कला शाखेच्या विद्यार्थ्याने जनुकांवर लिहावे, हे काही प्राध्यापकांना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाकडे मला आणले ते कपाशीने. आमचे गाव बीड जिल्ह्यातले. आई-दादा (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) दर हंगामाला ऊसतोडीसाठी अकलूज भागात येतात, म्हणून मीही येथे कॉलेजात दाखल झालो. गावाकडे दोन एकर कपाशी आहे, तिच्याकडे आजी बघते. २०१७ साली मी सहावीत होतो. त्या वर्षी बोंड फोडले की आत गुलाबी अळी निघे. दादा म्हणाले, "बियाणं बीटीचं, पैसे बीटीचे, मग अळी आली कुठून?" घरात कोणालाच उत्तर देता आले नाही.

बीटी हा मातीतला एक जिवाणू. बोंडअळीच्या आतड्याला भोके पाडणारे प्रथिन तयार करण्याचे जनुक त्याच्याजवळ असते. हे जनुक घातलेल्या कपाशीला आपल्या देशात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते बियाणे आणण्यात जालन्याच्या महिको कंपनीचा मोठा वाटा होता. मला वाटे, जनुक घातले की काम झाले. तसे नाही.

जनुक हा नुसता मजकूर आहे. त्याची आरएनए ही नक्कल निघाली, तरच पुढे प्रथिन बनते. नक्कल काढण्याचे काम आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर करते. जिवाणूत ते एकाच प्रकारचे असते. वनस्पती, प्राणी, माणूस यांच्या पेशींत मात्र ही कामे वाटलेली आहेत, हे रोडर व रटर यांनी १९६९ साली दाखवले. पहिले पॉलिमरेज रायबोसोमचा बहुतेक आरएनए बनवते, तिसरे लहानसहान आरएनए बनवते आणि प्रथिनांच्या जनुकांची नक्कल दुसरे काढते.

आता गंमत अशी, की या दुसऱ्या पॉलिमरेजला आरंभ कोठून करायचा हे स्वतःला कळत नाही. ऊसतोडीची टोळी कोयते घेऊन आली तरी दिसेल त्या उसाला हात लावत नाही. कारखान्याचा चिटबॉय येतो, फड दाखवतो, मग कोयता चालतो. जनुकाच्या आधी डीएनएचा जो तुकडा असतो, त्याला प्रवर्तक म्हणतात. ती झाली फडाची खूण. काही प्रवर्तकांत आरंभबिंदूच्या सुमारे तीस अक्षरे आधी टी-ए-टी-ए अशी अक्षरे असतात. (सर्वच जनुकांत ती नसतात.) टीबीपी हे प्रथिन तेथे बसते आणि डीएनएला सुमारे ८० अंशांत वाकवते. हा आपला चिटबॉय. त्याच्याभोवती आणखी सहायक प्रथिने जमतात, मग पॉलिमरेज येऊन बसते. शेवटी टीएफटूएच नावाचे सहायक डीएनएचे दोन धागे सोडवते, पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट चिकटवते आणि नक्कल सुरू होते. या यंत्रणेचे अणूंच्या पातळीवरील चित्र उलगडल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चे नोबेल मिळाले.

जिवाणूच्या जनुकाची खूण निराळी असते. कपाशीचा चिटबॉय ती ओळखत नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी त्या जनुकाआधी फ्लॉवरच्या भाजीवर रोग आणणाऱ्या विषाणूचा '३५एस' हा प्रवर्तक जोडला. या विषाणूजवळ स्वतःचे आरएनए पॉलिमरेज नसते, तो वनस्पतीचेच राबवून घेतो. त्यामुळे त्याची खूण अशी ठळक, की पॉलिमरेज पुन्हा पुन्हा तेथे येते. चोराची युक्ती शेतकऱ्याच्या कामी आली म्हणायची!

मग अळी कशी आली? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवले, की झाड जून होत जाते तसे हे विष कमी होते आणि बोंडाच्या सालीत, फुलात ते फारच थोडे असते. म्हणजे प्रवर्तक ठळक असला तरी सर्व अवयवांत, सर्व दिवस सारखे पीक देत नाही. परंतु गुलाबी अळीचे मुख्य कारण याहून वेगळे आहे. विष जेथे चिकटते त्या कॅडहेरिन प्रथिनाचे अळीचे स्वतःचे जनुकच बिघडले. विष तयार होते, पण त्या अळीला बाधत नाही.

हे मी दादांना फडावर सांगितले. कोयता खाली ठेवून ते म्हणाले, "म्हंजी चिटबॉयची चूक नाही. अळीच बदलली." कपाशी डिसेंबरात काढून टाकावी, फरदड ठेवू नये, म्हणजे अळीला पुढे खायला उरत नाही, हेही त्यांना पटले. आजी मात्र फरदड सोडायला अजून तयार नाही.