शनिवार रात्रीचा फुटबॉल : इंग्लंडच्या सत्तरच्या दशकाचं स्मरणरंजन

नॉस्टाल्जियाला मराठीत आपण स्मरणरंजन म्हणतो. शब्द मोठा अचूक आहे. त्यात स्मरण आहे आणि रंजनही आहे, आणि यातलं कुठलं किती, हे ज्याचं त्यालाही सांगता येत नाही. आज आपण या शब्दाचं एक ठळक उदाहरण बघणार आहोत. इंग्लंडमध्ये आज साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसासमोर सत्तरच्या दशकातल्या फुटबॉलचा विषय काढा, त्याचा चेहरा खुलतो. चिखल, लांब केस, कल्ले, नारिंगी चेंडू, कॉमेंट्री करणाऱ्यांचे आवाज. पण नीट ऐकलं तर लक्षात येतं की यातलं बरंचसं त्यानं मैदानावर पाहिलेलंच नाही. ते त्यानं टीव्हीवर पाहिलं होतं. म्हणजे तो आठवतोय फुटबॉल, पण त्याच्या मनात साठलाय तो टीव्हीचा कार्यक्रम. हा फरक लक्षात ठेवू, आज तो आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे.

आधी व्यवस्था काय होती ते समजून घेऊ. बीबीसीचा 'मॅच ऑफ द डे' 22 ऑगस्ट 1964 ला सुरू झाला. पहिला सामना लिव्हरपूल विरुद्ध आर्सेनल, लिव्हरपूलनं 3-2 असा जिंकला. नोव्हेंबर 1969 मध्ये तो रंगीत झाला. शनिवारी रात्री उशिरा, दुपारी झालेल्या एक-दोन सामन्यांचं संक्षिप्त चित्रण. रविवारी दुपारी आयटीव्हीची पाळी. पण आयटीव्ही म्हणजे तेव्हा एक वाहिनी नव्हती, प्रांताप्रांतातल्या कंपन्यांचं ते जाळं होतं. लंडनमध्ये ब्रायन मूर यांचा 'द बिग मॅच', मिडलँड्समध्ये ह्यू जॉन्स यांच्या आवाजातला 'स्टार सॉकर', मँचेस्टर-लिव्हरपूलकडे ग्रॅनाडाचे जेराल्ड सिनस्टॅट. नॉर्विचच्या मुलाच्या आठवणीतला रविवार आणि लंडनच्या मुलाच्या आठवणीतला रविवार वेगवेगळे आहेत, ते यामुळे. आवाज वेगळा, संघ वेगळे, सुरुवातीची धूनही वेगळी.

आणि थेट प्रक्षेपण? लीगच्या सामन्यांचं जवळजवळ नाहीच. लीगच्या कारभाऱ्यांना भीती होती की घरबसल्या सामना दिसला तर तिकीट काढून येणार कोण? म्हणून फक्त मुद्रित तुकडे, तेही रात्री. कोणता सामना दाखवणार हे आधी जाहीरसुद्धा करायचं नाही. लीगचे सामने नियमितपणे थेट दिसायला लागले ते ऑक्टोबर 1983 पासून. सत्तरच्या दशकात थेट म्हणजे एफए कपची अंतिम लढत, इंग्लंड-स्कॉटलंड, युरोपियन कपची अंतिम लढत, दर चार वर्षांनी विश्वचषक. बस्स.

ही टंचाई आजच्या मुलांना समजावून सांगणं अवघड जातं. आपल्याकडच्या पन्नाशी-साठीतल्या श्रोत्यांना मात्र ती लगेच कळेल. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. ज्यांनी छायागीतासाठी किंवा रविवारच्या सिनेमासाठी शेजाऱ्यांच्या दारात चपला काढल्या, त्यांना एकाच खिडकीतून जग बघणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

या टंचाईतून एक मजेदार खेळ तयार झाला : निकाल कानावर पडू न देण्याचा. 1973 मध्ये बीबीसीच्या 'व्हॉटएव्हर हॅपन्ड टू द लाइकली लॅड्स' या विनोदी मालिकेत एक भाग होता. बॉब आणि टेरी हे दोन मित्र इंग्लंडच्या सामन्याचा निकाल रात्री टीव्हीवर बघेपर्यंत कळू नये म्हणून दिवसभर शहरात लपतछपत फिरतात, आणि एक जण पैज लावून त्यांच्या मागे लागलेला असतो. शेवटी कळतं काय, तर पावसामुळे सामना झालाच नाही. तो भाग तिकडे आजही लोकांना आठवतो, कारण घरोघरी हेच चालायचं. उलट ज्यांना निकाल हवाच असे, ते शनिवारी संध्याकाळी पाचच्या सुमारास रेडिओला कान लावत. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यजमान संघाचे गोल सांगून पाहुण्या संघाचं नाव असं उच्चारायचे, की आकडा ऐकण्याआधीच आवाजाच्या चढउतारावरून कोण जिंकलं, की बरोबरी झाली, ते कळायचं. लहान पोरं त्यांची नक्कल करत.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. हा फुटबॉल आठवणीत इतका गोड का लागतो? आमच्या मते त्याचं मोठं श्रेय संपादनाच्या टेबलाला जातं. नव्वद मिनिटांच्या सामन्यातून वीस-पंचवीस मिनिटं उरायची. गोल, हुकलेले गोल, एखादी खुन्नस, गोलरक्षकाची झेप. मधली रटाळ मिनिटं, गोलरक्षकाकडे परत परत मागे दिलेले पास, वाऱ्यावर उंच भिरकावलेले चेंडू, हे सगळं कात्रीखाली गेलं. तेव्हाचा प्रेक्षक सार पाहत होता आणि आजचा पूर्ण सामना पाहतो. मग आजचा खेळ कंटाळवाणा वाटला तर नवल काय! तुलनाच मुळात विषम आहे.

याचं सगळ्यात सुंदर उदाहरण 5 फेब्रुवारी 1972 चं. हेरफर्ड हा लीगबाहेरचा छोटा संघ आणि पहिल्या विभागातला न्यूकासल, एफए कपच्या तिसऱ्या फेरीचा पुन्हा खेळवलेला सामना. बीबीसीनं तिथे 26 वर्षांच्या जॉन मॉटसन यांना पाठवलं होतं. न्यूकासल सहज जिंकेल आणि कार्यक्रमात शेवटी चार-दोन मिनिटं दाखवू, असा हिशोब. न्यूकासलनं शेवटच्या टप्प्यात गोल केलाही. मग रॉनी रॅडफर्डनं चिखलातून, लांबून मारलेला चेंडू जाळीच्या वरच्या कोपऱ्यात गेला आणि पार्का घातलेली पोरं मैदानात घुसली. जादा वेळेत रिकी जॉर्जनं दुसरा गोल केला. हेरफर्ड 2-1. त्या रात्री तो सामना कार्यक्रमात सगळ्यात पुढे आला, आणि मॉटसन यांची कारकीर्दही तिथूनच मार्गाला लागली. पुढे हा गोल एफए कपची ओळख म्हणून इतक्या वेळा दाखवला गेला, की त्या वेळी जन्मलेही नव्हते त्यांनाही तो 'आठवतो'. टीव्हीनं दिलेली स्मृती म्हणतात ती ही.

चिखलाचंही तसंच. डर्बीचं बेसबॉल ग्राउंड तर त्यासाठी बदनामच होतं. एप्रिल 1977 मध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध डर्बीला पेनल्टी मिळाली, आणि पेनल्टीचा ठिपकाच सापडेना! मैदानाची देखभाल करणारा माणूस रंगाची बादली घेऊन आला, टेपनं बारा यार्ड मोजले, ठिपका रंगवला, मग जेरी डेलीनं गोल केला. आज आपण ते बघून हसतो. पण त्या चिखलात गुडघे घालवणाऱ्या खेळाडूंना त्यात काय रोमँटिक वाटलं असेल, कोण जाणे.

कॉमेंट्रीचा वाटाही मोठा. डिसेंबर 1974 मध्ये फ्रान्सिस ली आपल्या जुन्या संघाविरुद्ध, मँचेस्टर सिटीविरुद्ध, गोल करतो तेव्हा बॅरी डेव्हिस गोलाचं वर्णन सोडून ओरडतात, अरे त्याचा चेहरा बघा! एका वाक्यात सूडाची आख्खी गोष्ट. आणि जिमी हिल हे तर प्रकरणच वेगळं. याच माणसानं खेळाडूंच्या संघटनेचा पुढारी म्हणून 1961 मध्ये आठवड्याला 20 पौंडांची पगाराची कमाल मर्यादा उठवायला लावली. पुढे टीव्हीवर येऊन मंदगती चित्रणाच्या आधारे सामन्याची चिरफाड करायला तोच बसला. आज टीव्हीवर बाण आणि वर्तुळं काढत बसलेले सगळे विश्लेषक त्याचेच वारस.

मात्र कॅमेरा कुठे वळत नव्हता, हेही पाहायला हवं. नाहीतर आपण नुसतं रंजन करू, स्मरण राहून जाईल.

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन संघात तेव्हा सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन हे तीन कृष्णवर्णीय खेळाडू होते. 30 डिसेंबर 1978 ला या संघानं ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला 5-3 असं हरवलं. दशकातल्या सर्वोत्तम सामन्यांत त्याची गणना होते, आणि गोल खरोखर अप्रतिम आहेत. पण ते चित्रण आवाज मोठा करून ऐका. कृष्णवर्णीय खेळाडूंच्या पायात चेंडू आला की प्रेक्षकांतून हुर्यो उठतो. सिनस्टॅट यांनी कॉमेंट्रीत त्याचा उल्लेख केला आणि नापसंती दाखवली. त्या काळात असं बोलणारे फार थोडे होते. म्हणून तर ते वाक्य आज उठून दिसतं. इतर अनेक शनिवारी तो आवाज गर्दीच्या गोंगाटाचाच भाग म्हणून घराघरात पोचला.

हुल्लडबाजी रोखायला मैदानांभोवती लोखंडी कुंपणं उभी राहिली ती याच दशकात. 1989 मध्ये हिल्सबरोला अशाच कुंपणाआड चेंगरून 97 माणसं गेली. त्यामुळे जुन्या चित्रणात गोलामागे लाटेसारखी हलणारी गर्दी बघताना तिथल्या अनेकांना आज आनंद होतो आणि पोटात गोळाही येतो. आणि स्त्रिया? एफएनं 1921 मध्ये आपल्या क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना घातलेली बंदी सत्तरच्या दशकाच्या तोंडावर कुठे उठत होती. तेव्हा 'आपला' फुटबॉल म्हणताना त्या 'आपण'मध्ये कोण नव्हतं, तेही मोजायला हवं.

आकडेही गोडवा कमी करतात. 1969-70 च्या मोसमात लीगच्या मैदानांवर जवळपास 3 कोटी प्रेक्षक आले होते, दहा वर्षांनी ते अडीच कोटींच्या आसपास उतरले. ज्या दशकावर एवढं प्रेम, त्याच दशकात लोक मैदान सोडून चालले होते.

'तेव्हा पैसा नव्हता', हेही वाक्य नेहमी ऐकू येतं. नव्हता हे आजच्या मानानं खरं. पण ओढाताण होतीच. 1978 मध्ये लंडन वीकेंडचे मायकेल ग्रेड यांनी लीगशी परस्पर बोलणी करून सगळे हक्क आयटीव्हीकडे वळवायचा घाट घातला. वर्तमानपत्रांनी त्याला 'स्नॅच ऑफ द डे' असं नाव दिलं. सरकारच्या व्यापारविषयक खात्यानं हस्तक्षेप केला. अखेर तडजोड झाली : शनिवार रात्र एका मोसमात बीबीसीला, पुढच्या मोसमात आयटीव्हीला. 1979 मध्ये लिव्हरपूलनं शर्टावर हिताची हे नाव घेतलं, तर टीव्हीवाल्यांनी जाहिरातीचा शर्ट दाखवायला नकार दिला. त्यामुळे कॅमेरे असले की खेळाडू साधे शर्ट घालून उतरत. आज जुन्या चित्रणात दिसणारा तो निर्मळ लाल शर्ट बघून लोक हळहळतात. काळ भाबडा होता म्हणून तो तसा नव्हता. टीव्हीचा नियम तसा होता.

शेवटचा मुद्दा टेपांचा. व्हिडिओ टेप तेव्हा महाग होती, त्यामुळे दाखवून झालं की तीच पुसून पुन्हा वापरायचे. कितीतरी सामने असे गेले. लंडनच्या 'द बिग मॅच'चं चित्रण बऱ्यापैकी टिकलं, म्हणून पुढे आयटीव्ही 4 ला ते पुन्हा दाखवता आलं. काही प्रांतांचं फारच थोडं उरलं. शिवाय 92 क्लब, शनिवारी चाळीसेक सामने, आणि कॅमेरे जेमतेम काही मैदानांवर. चौथ्या विभागातल्या एखाद्या मैदानात, रॅडफर्डच्या तोडीचा गोल कुणी मारलाही असेल. तो पाहिलेले दोन-तीन हजार लोक आता म्हातारे झालेत, आणि दाखवायला त्यांच्याकडे काहीच नाही.