गोळी स्वस्त झाली, उपचार पुढे गेला

९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयाने एक आदेश काढला आणि यकृताच्या कॅन्सरवरची एक गोळी थेट बातम्यांत आली. बायर कंपनीचे सोराफेनिब, म्हणजेच ‘नेक्सावार’, बनवण्याचा सक्तीचा, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना मिळणारा, परवाना पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी हैदराबादच्या नॅटकोला दिला. असा परवाना भारतात पहिलाच.

हिशेब सरळ होता. २०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन संध्याकाळी, महिन्याला १२०. बायरचा भाव २,८०,४२८ रुपये, म्हणजे दिवसाला नऊ हजारांवर. नॅटकोने ८,८८० रुपयांत, म्हणजे दिवसाला २९६ रुपयांत, तेच औषध द्यायचे आणि विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन बायरला मोजायचे. अपिलात ते ७ टक्के झाले.

पेटंट कायद्याचे कलम ८४ तीन प्रश्न विचारते: लोकांची गरज भागते का, भाव परवडतो का, शोध भारतात राबवला जातो का. सिप्लाही हे औषध विकते, तेव्हा टंचाई कुठे आहे, असा बायरचा युक्तिवाद होता. पण त्याच सिप्लावर बायरने पेटंटभंगाचा दावा लावला होता! नियंत्रकांनी हा युक्तिवाद फेटाळला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला, सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

एवढ्या लढाईनंतर हाती आलेली गोळी देत काय होती? २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘शार्प’ चाचणीत सोराफेनिब घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान १०.७ महिने होते, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे ७.९. जेमतेम तीन महिन्यांचा फरक. त्यातही तळहात-तळपाय सोलवटणे, जुलाब, थकवा. चाचणीतले बहुतेक रुग्ण यकृत बऱ्यापैकी काम करणारे होते. सिरोसिसने पोटात पाणी झालेल्या, कावीळ चढलेल्या रुग्णाला गोळी लिहून देताना डॉक्टर आधी यकृताची कुवत बघतात, भाव नंतर.

दहाएक वर्षे या औषधाला तोडीस तोड पर्याय नव्हता. मग २०१८ मध्ये लेनव्हॅटिनिब आले. चाचणीत ते सोराफेनिबपेक्षा कमी पडले नाही, इतकेच. खरा पालट २०२० मध्ये झाला. अटेझोलिझुमॅब आणि बेवासिझुमॅब ही इंजेक्शनांची जोडी दर तीन आठवड्यांनी शिरेतून दिली जाते. चाचणीत वर्षभरानंतर ही जोडी घेणाऱ्या गटातले ६७.२ टक्के रुग्ण हयात होते, सोराफेनिबच्या गटातले ५४.६ टक्के. बेवासिझुमॅबने रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून आधी दुर्बीण घालून अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा तपासाव्या लागतात. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत ही जोडी पहिल्या पसंतीची ठरली. आपल्याकडे मात्र खिशाकडे पाहून अनेकांच्या प्रिस्क्रिप्शनवर आजही गोळ्याच येतात.

औषधाच्या भावावर एवढी जाहीर चर्चा आपल्याकडे क्वचितच झाली असेल. पण ती एका गोळीपाशी अडकली. नव्या जोडीतल्या बेवासिझुमॅबच्या देशी आवृत्त्या बाजारात आहेत. घोडे अडते ते अटेझोलिझुमॅबपाशी. जोडीतली दोन्ही औषधे म्हणजे प्रतिपिंडे, ती जिवंत पेशींत वाढवावी लागतात. रासायनिक गोळीसारखी सूत्र बघून त्यांची नक्कल होत नाही. म्हणून पुढच्या वेळी सरकारकडे नुसता परवाना मागून भागणार नाही. अशी औषधे बनवणारे कारखाने आणि त्यांच्या चाचण्यांची सोय पेटंट संपायच्या आधी उभी राहते का, हा प्रश्न आताच विचारायला हवा.