सदतिसांत एक

आकाशातील एखादा धोंडा पृथ्वीवर आदळण्याचा संभव सदतिसांत एक आहे, असे ज्योतिर्विद सांगतात, तेव्हा ते नेमके काय सांगत असतात? २७ डिसेंबर २००४ रोजी त्यांनी हाच आकडा जाहीर केला होता. आदळण्याचा दिवस सांगितला होता १३ एप्रिल २०२९. त्या धोंड्याचे नाव पुढे अपोफिस ठेवण्यात आले. मिसरी पुराणातील, सूर्याच्या वैरी सर्पाचे हे नाव. असले बारसे केल्यावर लोकांनी न घाबरता काय करावे?

हा लघुग्रह सुमारे साडेतीनशे मीटर व्यासाचा. सूर्याभोवतीची त्याची फेरी सुमारे ३२४ दिवसांत पुरी होते, आणि त्याची वाट पृथ्वीच्या वाटेजवळून जाते. परंतु वाटा जुळल्या म्हणजे टक्कर होतेच असे नाही; दोघांनीही एकाच वेळी चौकात यावे लागते. पृथ्वी आपल्या व्यासाएवढे अंतर अवघ्या सात मिनिटांत तोडते. तेव्हा चोवीस वर्षांपलीकडच्या भेटीची वेळ मिनिटांच्या हिशेबात सांगता आली पाहिजे.

जून २००४ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनातील किट पीक येथून तो प्रथम दिसला, तो दोनच रात्री. मग हरवला, आणि डिसेंबरात ऑस्ट्रेलियातून पुन्हा सापडला. इतक्या तुटपुंज्या नोंदींवरून काढलेल्या कक्षेत थोडी चूक राहतेच, आणि वर्षांगणिक ती वाढत जाते. म्हणून २०२९ साली तो अमुक जागी असेल असे न म्हणता, अमुक लांबीच्या पट्ट्यात कोठे तरी असेल, असे म्हणावे लागते. पृथ्वी त्या पट्ट्यात आली की टकरीचा संभव निघतो. आता गंमत पाहा. नव्या नोंदी मिळतात तसा पट्टा आखूड होतो. पृथ्वी मात्र तेवढीच राहते. साहजिकच पट्ट्यातला तिचा हिस्सा वाढतो आणि संभवाचा आकडाही चढतो. वर्तमानपत्रे लिहितात, धोका वाढला! वास्तविक वाढलेली असते ती आपली माहिती. पट्टा आणखी आखडला की बहुधा पृथ्वी त्याच्या बाहेर पडते, आणि चढता आकडा एकदम कोसळतो.

२७ डिसेंबरला तेच झाले. किट पीकवरच्याच दुसऱ्या एका दुर्बिणीने १५ मार्चला घेतलेल्या छायाचित्रांत हा अंधुक ठिपका सापडला. तेव्हा तो कोणाच्या ध्यानात आला नव्हता. पण छायाचित्रे जपून ठेवली होती. अपघातांच्या नोंदवह्या ऐन वेळी गहाळ करणाऱ्यांशी ज्या कामगारांची गाठ पडली आहे, त्यांना या जपणुकीचे मोल सांगावयास नको.

आदल्याच दिवशी हिंदी महासागरात त्सुनामी उसळली होती. सुमात्राजवळच्या भूकंपानंतर लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर येण्यास सुमारे दोन तास लागले. पण मच्छीमारांना सांगणारे कोणी नव्हते, कारण या महासागरात इशाऱ्याची यंत्रणाच उभारलेली नव्हती. चोवीस वर्षांपलीकडचा धोका तासांत निकालात निघतो आणि दोन तासांवरचा कळत नाही, याचा दोष गणिताकडे जात नाही. एका कामावर माणसे नेमलेली होती, दुसऱ्यावर नव्हती. आपले हैदराबादचे इशारा-केंद्र २००७ साली सुरू झाले.

मार्च २०२१ मधील रडार-वेधांनी, पुढील शंभर वर्षे तरी अपोफिसपासून भय नाही, हे ठरविले. २०२९ साली, आपल्या घड्याळाप्रमाणे १४ एप्रिलच्या पहाटे, तो भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल; म्हणजे दळणवळणाच्या कित्येक उपग्रहांपेक्षाही जवळून. युरोप-आफ्रिकेतून तो नुसत्या डोळ्यांना दिसेल. पृथ्वीच्या ओढीने त्याची कक्षा रुंदावेल, आणि एका फेरीला सुमारे चौदा महिने लागू लागतील. नेमके किती दिवस, ते तो निघून गेल्यावर पुन्हा वेध घेऊनच पक्के करावे लागेल.