घाटमाथ्यावरचा चमचाभर समुद्र

मावळातलं, लोणावळ्याजवळचं वलवण समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचावर. लोणावळ्याच्या आसपासच्या तलावांचं पाणी १९१५ पासून घाट उतरतं आणि खोपोलीच्या टाटांच्या केंद्रात वीज तयार करतं. त्याच्या उलट वाटेनं, खालून वर, पिढ्यान्‌पिढ्या चढत आली ती सुकी मासळी: जवळा, सोडे, बोंबील. आता शहरातल्या मोठ्या दुकानांत सीफूड सूपचा आयता अर्क मिळतो, कधी डबीत, कधी वडीच्या रूपात. मावळातल्या स्वयंपाकघरात मात्र समुद्राचा अर्क कधीपासूनच आहे आणि पोषणात तो या डबीला सहज मागे टाकतो.

डबीत असतं काय?

पाकिटावरची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापलेली असते. जे सगळ्यांत जास्त, ते पहिलं. सूपच्या अर्काची यादी वाचा, पहिल्या दोन-तीन नावांत मीठ बहुतेक वेळा सापडेलच. सोबत कोळंबी, खेकडा किंवा शिंपल्यांचा अर्क, साखर, यीस्टचा अर्क आणि माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली जवळपास बेचव भुकटी. पुढे ६२१, ६२७, ६३१ असे आकडे. ६२१ म्हणजे आपल्या ओळखीचं अजिनोमोटो. ६२७ आणि ६३१ ही त्याची चव कैक पटींनी वाढवणारी जोडी. शाकाहारी वाचकांनी इतर पाकिटांबाबतही लक्षात ठेवावं, ६३१ मासळीपासूनही बनवतात आणि वनस्पतिजन्य कच्च्या मालापासूनही. पाकिटावरची हिरवी खूण पाहूनच घ्या.

अशा बऱ्याच अर्कांच्या एका चमच्यात १० कॅलरीच्या आसपास, प्रथिनं फार तर एखादा ग्रॅम आणि सोडियम मात्र ७०० ते ९०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचनं गुणा, मिठाचा आकडा मिळतो. म्हणजे एका चमच्यात दोन ग्रॅमच्या आसपास मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. लोक अजिनोमोटोला घाबरतात, पण त्यात सोडियम जेमतेम १२ टक्के, साध्या मिठात ३९ टक्के. जपायचं ते मिठाला.

१९०८ हे साल

एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. युरोपात मॅगी कंपनीची सूपची वडी बाजारात आली आणि तोक्योत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं समुद्री शेवाळाच्या सारातून ग्लुटामेट वेगळं काढून त्या चवीला ‘उमामी’ नाव दिलं. १९१३ मध्ये त्याचा शिष्य शिंतारो कोदामा यानं सुकवलेल्या मासळीत दुसरा चवदार पदार्थ शोधला, इनोसिनेट. पुढे कळलं की हे दोघं एकत्र आले की चव बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. टोमॅटोत ग्लुटामेट भरपूर आणि मासळीत इनोसिनेट. सुक्या बोंबलाच्या कालवणात टोमॅटो घालणाऱ्या बाईनं हा गुणाकार रोजच्या पातेल्यात करून ठेवला आहे.

कोळंबी-खेकड्याची गोडसर चव ग्लायसिन या अमिनो आम्लाची, तिसऱ्यांच्या साराची खास चव सक्सिनिक आम्लाची. मासळीचा उग्र वास ज्या अमाइनमुळे येतो, त्याला आंबट पदार्थ बांधून ठेवतात. म्हणून आमसूल आणि चिंच. कारण ठाऊक नसतानाही आपल्या बायकांनी उपाय अचूक शोधला होता.

मूठभर जवळा

ओल्या बोंबलात दहापैकी जवळपास नऊ भाग पाणीच. किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर तो उन्हावाऱ्यात टांगतात, पाणी उडतं आणि उरलेल्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ६० ग्रॅम प्रथिनं मिळतात. ना कारखाना, ना भुकटी. जवळा तर सालासकट, डोक्यासकट पोटात जातो, म्हणून त्यातलं कॅल्शियमही पोटात जातं. गाळलेल्या सुपात ते फारसं उतरत नाही, हा मोठा फरक.

घरी अर्क हवा असेल तर जवळा निवडून कोरडाच खमंग भाजा, गार झाल्यावर लसूण आणि सुकी मिरची घालून भरड वाटा. डाळीत, पिठल्यात, भाताच्या पेजेत एक चमचा पुरतो. घेताना एवढंच विचारा: बिनमिठाचा आहे ना? जवळा आणि बोंबील बहुधा मिठाशिवाय वाळवतात, खारा बांगडा आणि खारी सुरमई मात्र नावाप्रमाणेच. कोळंबीची ॲलर्जी असलेल्यांनी जवळा, सोडे, खेकडा किंवा त्यांच्या अर्काच्या वाटेला जाऊ नये. ॲलर्जी देणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन भाजून वा उकळून नष्ट होत नाही.

मावळचा स्वतःचा अर्क

१ जूनपासून दोन महिने यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नेमके तेव्हाच मावळात ओढ्याकाठी, भातखाचरांच्या बांधांवर काळे खेकडे बाहेर पडतात आणि पोरं रात्री बॅटरी घेऊन निघतात. इथे घाटमाथ्याची खरी करामत दिसते. नांग्या आणि मधला भाग रश्शात जातो, बारीक पाय पाट्यावर ठेचून पाण्यात कालवून गाळून घेतात. हे करडं पाणी रश्शात पडलं आणि तापलं की त्यातली प्रथिनं गोठतात, रस्सा आपोआप दाट होतो. माल्टोडेक्स्ट्रिन लागत नाही. सोबत हवा इंद्रायणी तांदळाचा भात, तोही याच मातीतला, वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं १९८७ मध्ये दिलेला.

खेकड्याच्या रक्तात लोहाऐवजी तांबं असतं, म्हणून ते निळसर दिसतं. शिजल्यावर कवच तांबूस होतं, कारण ॲस्टाझँथिन हे रंगद्रव्य प्रथिनाच्या पकडीतून सुटतं. बी-१२ आणि जस्त भरपूर. सर्दीत हा रस्सा प्यायची रीत आहे, गरम रश्शानं घशाला आराम पडतो, पण औषध म्हणून त्यावर विसंबू नये. आणि रस्सा खळखळून उकळाच. गोड्या पाण्यातल्या अर्धकच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात घर करणारा कृमी माणसाला लागू शकतो.

शेवटची गोष्ट खेकडे धरायला जाणाऱ्यांसाठी. समुद्रातली चिंबोरी लाखोंनी अंडी घालते, आपल्या ओढ्यातली मादी फार थोडी घालते आणि अंड्यांतून थेट बाहेर पडलेली इवली पिल्लं काही दिवस पोटाखाली सांभाळते. उलटी करून पाहा. पोटाखाली अंडी किंवा पिल्लं दिसली तर तिला तिथेच ओढ्यात सोडून द्या.